खाणीतला गाळ कोणाच्या नावावर चढतो?

(बंगळुरूत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. लेखी रूप देताना थोडं आटोपशीर केलं आहे.)



विषय ग्रुपवर टाकल्यावर एकानं लिहिलं, ‘ताई, हे सिव्हिलवाल्यांचं काम आहे ना?’ आहेच. इथं सिव्हिल, मायनिंग शिकलेले चार-पाच जण बसलेत, माझा हिशोब कुठं चुकला तर मध्येच थांबवा. मी समाजशास्त्राची. गेली तीन वर्षं पीएचडीच्या निमित्तानं वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींच्या खालच्या अंगाची गावं फिरते आहे. खालच्या अंगाची म्हणजे खाणीतलं पाणी ज्या बाजूला वाहतं त्या बाजूची. तिथं मला पडलेला प्रश्न साधा आहे. पावसाच्या पाण्याबरोबर खाणीतून जी माती वाहून जाते, ती शेवटी कोणाच्या नावावर चढते?

हे बंगळुरूत बसून का बोलायचं, ते आधी सांगते. भद्रावती म्हटलं की इथल्या मित्रांना शिवमोग्ग्याजवळचं लोखंडाच्या कारखान्याचं गाव आठवतं. मी म्हणतेय ती भद्रावती चंद्रपूर जिल्ह्यातली. जुनं नाव भांदक. विजासनची बौद्ध लेणी आहेत तीच. त्या तालुक्यात बरांजची कोळसा खाण आहे, आणि ती आपल्याकडच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सची नाही, कर्नाटक सरकारच्या वीज महामंडळाची आहे. २००३ मध्ये तिथले कोल ब्लॉक कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनला मिळाले. पुढं एका खासगी कंपनीच्या भागीदारीत खोदकाम सुरू झालं आणि कोळसा रेल्वेनं बल्लारीच्या औष्णिक वीज केंद्राकडे निघाला. बल्लारीचं केंद्र आज १,७०० मेगावॉटचं आहे. तिथं इतर ठिकाणचाही कोळसा जळतो, आणि बंगळुरूला वीज फक्त बल्लारीहून येत नाही, हे मान्य. पण आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या या पंख्यात भद्रावती तालुक्यातल्या जमिनीचा थोडा तरी वाटा आहे. कोळसा रेल्वेनं इकडे आला. त्याच्या वरची माती तिकडेच राहिली.

या शहराला हे नवीनही नाही. १९०२ मध्ये कावेरीवर शिवनसमुद्रला वीज तयार झाली ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बंगळुरूच्या रस्त्यावर दिवे लागले ते १९०५ मध्ये. कोलारच्या त्या खाणी इथून शंभर किलोमीटरवर आहेत. तिथं जमिनीखाली उतरणारे बहुसंख्य कामगार उत्तर अर्काटकडून आलेले तमिळ दलित होते. २००१ मध्ये खाण बंद झाली, सोनं कधीच निघून गेलं होतं, आणि दळलेल्या दगडाच्या भुकटीचे डोंगर तिथंच उभे राहिले. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात, कारण सोनं वेगळं काढायला सायनाइड वापरायचे. वारा सुटला की ती भुकटी घरात, पाऊस पडला की नाल्यात. ज्यांना कोळशासाठी चंद्रपूरला जाणं जमणार नाही त्यांनी एखाद्या रविवारी केजीएफला जाऊन यावं. सिनेमातलं नव्हे, खरं.

आता खाणीकडे येऊ.

उघड्या खाणीत कोळसा काढणं हे शेवटचं काम. आधी माती काढावी लागते. वरची काळी माती, खाली पिवळी चिकण, मग वाळूचा दगड. एक टन कोळशामागे तीन-चार घनमीटर, कुठं त्याहूनही जास्त. या सगळ्याला खाणीत ओव्हरबर्डन म्हणतात, कामगारांच्या तोंडी ‘ओबी’. डंपर ती माती नेऊन एका जागी ओततात आणि ढिगारा वाढत जातो. नागपूरहून चंद्रपूरला बसनं जाताना सपाट मुलखात मध्येच टेकड्या दिसायला लागतात ना, वरून अगदी सपाट, कडा कापल्यासारख्या, त्या टेकड्या नव्हेत. आमच्याकडची लहान पोरं त्यांना डोंगरच म्हणतात. त्यांनी दुसरा डोंगर पाहिलेला नसतो.

आता हिशोब. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर पाणी पडतं, म्हणजे १० लाख लिटर. ढिगारा १०० हेक्टरचा धरा, तर १० कोटी लिटर. त्यातलं निम्मं मुरलं आणि निम्मं वाहून खाली आलं असं धरलं तरी ५ कोटी लिटर. चंद्रपूरकडे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस होतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एका दिवसात १०० मिलिमीटर ही तिथं नवलाची गोष्ट नाही.

हे पाणी नुसतं वाहत नाही. ढिगाऱ्यावर गवताची मुळं नसतात, माती घट्ट बसलेली नसते, उतार तीव्र असतो. थेंब आपटतो, माती सुटते, बारीक घळी पडतात, घळींच्या नाल्या होतात. ते पाणी गावाकडे जाऊ नये म्हणून चार गोष्टी करायच्या असतात. ढिगारा एका उतारावर न ओतता पायऱ्या-पायऱ्यांनी रचायचा, म्हणजे पाण्याला वेग येत नाही. पायथ्याला दगडाची भिंत बांधायची. ढिगाऱ्याभोवती आणि खाणीभोवती गोल नाली खणायची. तिला गारलँड ड्रेन म्हणतात, गळ्यातल्या हारासारखी म्हणून. नाव किती सुंदर! आणि त्या नालीतलं पाणी थेट नाल्यात न सोडता आधी एका तळ्यात आणायचं, तिथं गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं पाणी सोडायचं. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपानं उपसतात, तेही याच तळ्यातून जायला हवं.

खरी गोम या तळ्यात आहे, म्हणून इथं जरा थांबते. स्थिर पाण्यात बारीक वाळूचा कण, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, एक मीटर खाली जायला दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट लहान कण तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहापट लहान, म्हणजे चिकण मातीचा कण, बारा-तेरा दिवस घेतो. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढते. ही गणितं दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुनी आहेत, कोणाला नवीन नाहीत. आणि विदर्भातली वरची माती कोणती? काळी, चिकण. म्हणजे तळं जर असं असेल की पाणी एका बाजूनं आलं आणि तासाभरात दुसऱ्या बाजूनं गेलं, तर वाळू तळ्यात राहील आणि चिकण माती सरळ नाल्यात जाईल. तळं आहे असं कागदावर लिहिता येईल, फोटोही येईल, आणि नाला तरी लाल-काळाच वाहील. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपल्या आया तुरटी फिरवतात ती याचसाठी. तुरटीनं बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर बसतात. खाणीच्या तळ्यातही तसं करता येतं. खर्च येतो, इतकंच.

दुसरी गोष्ट तळ्याच्या पोटाची. मागच्या वर्षीचा गाळ काढला नसेल तर तळं अर्धं आधीच भरलेलं असतं, मग पाणी थांबायचा वेळही अर्धा. म्हणून गाळ उपसायचं काम पावसाच्या आधी, मे महिन्यातच व्हायला हवं. मी ज्या खाणीच्या आसपास राहिले तिथं हे काम ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या माणसांकडे होतं. जेसीबी पोचतो तिथं जेसीबी, कोपऱ्यात आणि पाइपाच्या तोंडाशी माणूस. मजुरांच्या वस्तीत मी कोणालाही जात विचारली नाही. वस्तीत शिरतानाच निळा झेंडा लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण आपण सगळे कागद वाचणारे लोक आहोत. कोळसा खाणींच्या सांडपाण्याची मानकं केंद्र सरकारनं सप्टेंबर २००० मध्ये अधिसूचित केली. लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तरंगती माती नको. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना ज्या अटी घालतात त्यांत ठरलेलं वाक्य असतं: गारलँड ड्रेन आणि संपचा आकार त्या भागातल्या जास्तीत जास्त पावसाचा हिशोब करून, वर ५० टक्के राखीव धरून ठरवावा, नाल्या नियमित उपसाव्यात, पाणी इतका वेळ थांबावं की गाळ नीट बसेल. वाचायला उत्तम अट आहे. मी तर म्हणेन की ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं तो जाणकार माणूस होता.

आपल्या ५ कोटी लिटरवर ही अट लावून बघा. १०० मिलिग्रॅमच्या हिशोबानं एका मोठ्या पावसात ५ टन माती नाल्यात जायला कायद्याची हरकत नाही. पण पाणी जर असं असेल की लिटरमागे एक चहाचा चमचा माती, साधारण ५ ग्रॅम, तर तोच आकडा २५० टन होतो. दहा टनांचे पंचवीस टिप्पर. एका दिवसात, एका ढिगाऱ्यावरून. मी पहिल्या पावसात बाटलीत भरलेलं पाणी रात्रभर ठेवल्यावर तळाशी बोटभर थर बसलेला पाहिला आहे, म्हणून चमचा मला फार वाटत नाही.

मग अहवालात हे का दिसत नाही? नमुना पंधरवड्यातून एकदा घ्यायचा असतो. पाऊस पंधरवडा बघून पडत नाही. सगळ्यात जास्त माती येते ती पहिल्या दोन-तीन जोरदार सरींना, नमुना घेणारा पोचतो ऊन पडल्यावर. यात कोणी खोटं लिहायची गरजच पडत नाही.

ही सगळी माती जाते कुठं? नाल्याचं पात्र उथळ होतं, मग थोड्या पावसातही पाणी काठ सोडतं आणि वावरात शिरतं. पाणी ओसरतं, थर राहतो. ओबीची माती जमिनीच्या पोटातली, शेणाचा, पाल्याचा, मुळाचा स्पर्श न झालेली. वाळली की सिमेंटसारखी होते. पऱ्हाटी पिवळी पडते. चंद्रपूर शहरानं २००६, २०१३ आणि २०२२ चे पूर पाहिले. इरई नदीच्या काठावरच्या मातीच्या ढिगाऱ्यांनी पात्र अरुंद केलं, ही तक्रार तिथं कितीतरी वर्षांची आहे. शहराची तक्रार निदान पेपरात येते. नाल्याला वर्तमानपत्रात नाव नसतं.

पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करायला येतात. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत शेतात साचलेला गाळ काढायला मदत आहे: थर तीन इंचांपेक्षा जास्त हवा, आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना हेक्टरी १८,००० रुपये. निकषाचं शीर्षक वाचा. नैसर्गिक आपत्ती. म्हणजे खाणीच्या कुंपणाच्या आत ज्या मातीला ओव्हरबर्डन म्हणत होते, जिच्यासाठी नाली, भिंत, तळं अशा अटी होत्या, ती कुंपणाबाहेर दोन किलोमीटर गेली की निसर्गाची करणी झाली. पैसे दिले कोणी? सरकारी तिजोरीनं, म्हणजे तुम्ही-आम्ही. खाणीच्या हिशोबवहीत त्या थराची एक ओळही नाही. माझा प्रबंध एका वाक्यात सांगायचा तर मातीच्या या नावबदलाबद्दल आहे.

आणि अडीच इंच थर असेल तर? तर काहीच झालेलं नाही.

आता ही मदत कोणाला? ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला. इथून पुढचं मला जरा सावकाश बोलू द्या.

मी ज्या गावांत राहिले तिथं चांगली, उंचावरची, विहिरीची जमीन कोणाची आणि नाल्याकाठची सखल जमीन कोणाची, हे विचारायला नकाशा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती साधारण १६ टक्के आणि अनुसूचित जमाती साधारण १८ टक्के आहेत. आपल्या लोकांना जमीन मिळाली ती बहुतेक नको असलेली: नाल्याचा काठ, पडीक, गायरान, झुडपी जंगल. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखोंनी लोक तुरुंगात गेले, त्यानंतर कित्येक कुटुंबांनी पडीक जमिनी कसायला घेतल्या. त्यांतल्या पुष्कळांच्या नावे आजही कागद नाही. तीस-चाळीस वर्षं कसतात आणि तलाठ्याच्या वहीत ‘अतिक्रमण’. काही जण दुसऱ्याची जमीन ठेक्यानं, बटईनं करतात. गाळ साचला की ठेक्याचे पैसे बुडतात ते करणाऱ्याचे, मदत जाते मालकाच्या खात्यावर. मालक भला असला तर अर्धी देतो. मला असे दोन भेटले.

तेव्हा खाणीचा विषय निघाला की आपण जी एकच मागणी करतो, ‘जमिनीचा मोबदला आणि घरातल्या एकाला नोकरी’, तिच्याकडे मला थोडं तिरकं बघावंसं वाटतं. मागणी रास्त आहे, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं उपोषणाला बसले आहेत. पण ती जमीन गेलेल्यांची मागणी आहे. ज्याची जमीन गेली नाही, जागच्या जागी खराब झाली, आणि ज्याच्याकडे मुळात जमीनच नव्हती, तो त्या मंडपात सतरंजीवर बसलेला असतो, यादीत नसतो. खाण प्रकल्पग्रस्त ठरवते ती खाणपट्ट्याच्या रेषेनं. रेषेच्या आतला ग्रस्त, बाहेरचा प्रेक्षक. पाण्याला ती रेषा कळत नाही.

ढिवर समाजाचं उदाहरण घ्या. आपल्या राज्यात ते भटक्या जमातींच्या ब गटात येतात. नाला, नदी, बोडी, तलाव हेच त्यांचं वावर. गाळानं डोह भरला की मासळीला उन्हाळा काढायला जागा उरत नाही. एका बाईनं मला जाळं दाखवलं, धुऊन वाळवलेलं, तरी हाताला पिठासारखं लागत होतं. २०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा त्यात एक चांगली गोष्ट झाली: बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जंगलावर आणि पाणवठ्यांवर जगणारी कुटुंबं आली, मासेमार आणि नावाडी हे शब्द कायद्यात आले. पण पुढची अट वाचा. उपजीविका बाधित व्हायला हवी ती भूसंपादनामुळे. डोह कोणी संपादित केलेला नाही. तो फक्त भरला.

आणखी एक दार आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणीवाल्यांना रॉयल्टीबरोबर ठरावीक पैसा या निधीत भरावा लागतो आणि तो खाणबाधितांवर खर्च व्हायला हवा. पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण हे त्यातले अग्रक्रमाचे विषय. ‘अप्रत्यक्ष बाधित क्षेत्र’ ही व्याख्याही आहे आणि तिच्यात पाणी, माती, हवा खराब होणं, ओढ्यांचं पाणी कमी होणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आपलं नाल्याकाठचं गाव इथं बसतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत त्याला अंतर आलं: खाणीपासून १५ किलोमीटर प्रत्यक्ष, २५ किलोमीटर अप्रत्यक्ष. कंपास ठेवून वर्तुळ काढायचं. सोय झाली हे खरं, नाहीतर पैसा खाणीपासून फार लांब जातो अशी ओरड होतीच. पण वर्तुळात खाणीच्या वरच्या अंगाचं तालुक्याचं गाव आणि खालच्या अंगाची नाल्याकाठची वस्ती सारखीच मोजली जाते. मग सभागृह आणि सिमेंट रस्ता तालुक्याला मिळतो, कारण ठराव करून घेणारी माणसं तिथं आहेत. पाणी वर्तुळात पसरत नाही, उतारानं जातं. जातीला उतार कळतो, म्हणून ती वस्ती नेहमी खालीच बसवते.

बरांजबद्दल आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये देशातले २०४ कोल ब्लॉक रद्द केले. त्यात बरांजही होती. चालू खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत होती. पुढं ती पुन्हा कर्नाटकच्याच महामंडळाला मिळाली, पण मध्ये बरीच वर्षं उत्पादन बंद राहिलं. तेव्हा चर्चा झाली ती बल्लारीला कोळसा कुठून आणायचा याची, कामगारांच्या थकलेल्या पगाराची, पुनर्वसनाची. हे सगळं व्हायलाच हवं होतं. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो बरांजपुरता नाही, बंद पडणाऱ्या प्रत्येक खाणीचा आहे. उत्पादन बंद झालं म्हणून पाऊस बंद होत नाही. ढिगारा उभा, उतार तोच, खड्डा भरत चाललेला. त्या पावसाळ्यांत गाळाचं तळं उपसण्याचं काम कोणाच्या टेबलावर असतं? खाण चालू असेल तर निदान भांडायला एक मॅनेजर असतो.

‘सिव्हिलवाल्यांचं काम’ या मुद्द्याकडे आता येते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपण सगळे सांगतो. त्या खात्यात काय काय होतं ते कमी सांगतो. खाण कामगार होतेच. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः गेले, १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम आला. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीच्या पुरावरचा विचार, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोगाची स्थापना, हे सगळं त्यांच्या काळातलं. म्हणजे कोळसा, वीज आणि नदीचं पाणी या तीन फायली एकाच माणसाच्या टेबलावर होत्या, आणि तो माणूस महाडच्या तळ्यावर पाणी पिऊन आलेला होता. त्यांनी नदीचं खोरं एकसंध धरून विचार केला, जिल्ह्याच्या आणि प्रांताच्या हद्दी धरून नाही. आज त्या तीन फायली तीन मंत्रालयांत आहेत आणि आपल्या नाल्याची चौथी फाईल तहसीलदाराकडे. म्हणून ‘टेक्निकल’ शब्द ऐकला की आपण जे हात जोडून बाजूला होतो, ते मला पटत नाही. अर्थशास्त्र हा टेक्निकल विषयच होता.

शेवटी कामाचं बोलते. तुमच्यापैकी काही जणांची घरं राजुरा, वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूरकडे आहेत. घरात पहिले पदवीधर तुम्हीच, त्यामुळे सुट्टीत गेलात की गावातला प्रत्येक कागद तुमच्यापुढं येतो, रेशनकार्डापासून. त्यात हा एक वाढवा. खाणीची पर्यावरण मंजुरी सार्वजनिक असते. खाणीनं अटी पाळल्याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तोही सार्वजनिक. वेबसाइटवर सापडला नाही तर माहिती अधिकारात मागा. इंग्रजीत असतो, शंभर-दीडशे पानांचा, पण तुम्हाला त्यातलं एकच पान हवं आहे: गारलँड ड्रेन, सिल्टेशन पॉन्ड, रिटेनिंग वॉल. लांबी, रुंदी, खोली दिलेली असते. मे महिन्यात गेलात तर ते तळं उपसलं आहे का ते रस्त्यावरून दिसतं. खाणीच्या हद्दीत शिरू नका, सुरक्षेचा प्रश्न आहे आणि गुन्हा दाखल व्हायला वेळ लागत नाही. विशेषतः आपल्या आडनावांवर.

बाटलीत पाणी भरून ठेवलं तर तो कायदेशीर पुरावा होत नाही, हेही माहीत असू द्या. १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानंच घ्यायचा, खाणीला नोटीस देऊन, तिच्या माणसासमोर, दोन भाग करून, सील करून. पण तारीख, वेळ, पावसाचा आकडा आणि बाटलीतला थर इतकं लिहून मंडळाच्या चंद्रपूरच्या कार्यालयात अर्ज दिला तर ‘नमुना पावसात घ्या’ एवढं तरी म्हणता येतं. आणि पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याला सांगा की गाळाच्या रकान्याशेजारी रंग आणि कुठून आला ते लिहा. लिहिणार नाही म्हणाला तर ग्रामसभेत ठराव घ्या. मी ज्या एका गावात हे करून पाहिलं तिथं ठराव झाला. ‘नैसर्गिक’ हा शब्द खोडून त्यावर सरपंचबाईंनी सही केली. तहसीलनं तो परत पाठवला आहे, छापील नमुन्यात खाडाखोड चालत नाही म्हणून. या महिन्यात नवीन ठराव लिहायचा आहे, या वेळी कोऱ्या कागदावर. मसुदा माझ्याकडे आहे, मायनिंग शिकलेल्यांनी चहाच्या वेळी तो जरा बघून द्या. तळ्याच्या क्षमतेचा आकडा मला तपासून हवा आहे.

आता प्रश्न घेऊ.